कोकसाचे नाव

वेरूळच्या कैलास लेण्याची एक जुनी मराठी कथा आहे. एका राजाला असाध्य रोग जडला. राणीने घृष्णेश्वराला साकडे घातले, की राजा बरा झाला तर तुझे देऊळ बांधीन आणि त्या देवळाचे शिखर डोळ्यांनी दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. राजा बरा झाला. आता देऊळ म्हणजे आधी पाया, मग जोते, भिंती आणि सगळ्यांत शेवटी शिखर. बोलावलेल्या कारागिरांनी सांगितले, की याला कित्येक महिने लागतील. तोवर राणीने जगायचे कसे? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा स्थपती पुढे आला आणि आठवडाभरात शिखर दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरायला घेतले, खडकातून आधी शिखर मोकळे केले, ते पाहून राणीने उपवास सोडला आणि उरलेले देऊळ नंतर सावकाश पायापर्यंत उतरत गेले. राणीच्या नावावरून त्याला माणकेश्वर म्हणू लागले. पंधराव्या शतकाची अखेर ते सोळाव्याची सुरुवात या काळातल्या कृष्ण याज्ञवल्की यांच्या ‘कथाकल्पतरू’ ग्रंथात ही कथा आहे.

याच लेण्याविषयी आज घरोघरी मोबाइलवर फिरणारी कथा वेगळी आहे. तीत राजा नाही, राणी नाही, पैठणचा कोकसही नाही. चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढणे माणसाच्या ताकदीबाहेरचे आहे, तेव्हा हे काम परग्रहावरून आलेल्यांचे किंवा हरवलेल्या एखाद्या यंत्राचे, असे तिचे सांगणे असते. ती ऐकणाऱ्याला वाटते, की जुनी कथा भाबडी आणि नवी निदान आकडे तरी मांडते. मला याच्या नेमके उलट म्हणायचे आहे. जुन्या दंतकथेत चमत्काराची हौस आहे, पण काम कसे झाले याची जाण आणि करणाऱ्याविषयी आदरही आहे. नव्या रहस्यकथेत आकडे आहेत, पण ते तपासलेले नाहीत, आणि त्या आकड्यांच्या आडून कारागीर नाहीसा केलेला आहे. दोन्ही गोष्टी पुराव्याशी ताडून पाहिल्या, तर पुराव्याच्या जास्त जवळ कोकसाची कथाच उभी राहते.

आधी पुराव्याकडे वळू. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी सोळावे म्हणजे कैलास. त्याच्या शेजारच्या पंधराव्या, दशावतार लेण्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्गाचा शिलालेख आहे. दंतिदुर्गानंतर त्याचा चुलता पहिला कृष्ण गादीवर आला आणि त्याने साधारण इ.स. ७५६ ते ७७३ या काळात राज्य केले. पुढे गुजरातेतल्या राष्ट्रकूट शाखेच्या कर्कराजाने शके ७३४, म्हणजे इ.स. ८१२-१३ मध्ये दिलेला एक ताम्रपट बडोद्याला मिळाला. त्यात कृष्णराजाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर उभारलेल्या अद्भुत शिवालयाचे वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून थक्क होतात, हे स्वयंभू शिवस्थान असावे, माणसाच्या हातून असे घडत नाही, असे त्यांना वाटते. आणि ज्याने ते घडवले तो शिल्पकारही चकित होऊन स्वतःलाच विचारतो, की हे मी केले तरी कसे. कृष्णाच्या मृत्यूला तेव्हा जेमतेम चाळीस वर्षे झाली होती. काम पाहिलेली माणसे हयात असतील, अशा वेळी राजदरबारचा कवी हे लिहीत होता. त्याने अतिशयोक्ती भरपूर केली, तरीही आश्चर्य करणाऱ्यांच्या रांगेत देवांबरोबर शिल्पकाराला उभे केले. कैलासाचे काम मानवी नाही, ही कल्पना त्यालाही सुचली होती. ती त्याने देवांच्या तोंडी घातली आणि लगेच शिल्पकाराला पुढे आणून तिचे उत्तरही देऊन टाकले.

आता चार लाख टनांचे पाहू, कारण सगळा डोलारा त्याच आकड्यावर उभा आहे. कैलासासाठी खोदलेला चौक सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे आणि मागचा कडा १०७ फूट उंच आहे. या तिन्हींचा गुणाकार साडेपंचेचाळीस लाख घनफुटांच्या आसपास येतो. काळ्या कातळाचा एक घनफूट साधारण ८२ किलो भरतो, म्हणजे एकूण वजन पावणेचार लाख टन. पण हा हिशेब चौक चारी बाजूंनी १०७ फूट खोल आहे आणि त्यात देऊळ उरलेलेच नाही असे धरल्यावरचा आहे. प्रत्यक्षात डोंगराचा उतार मागून पुढे येतो, त्यामुळे दर्शनी बाजूला खोली मागच्या मानाने फारच कमी आहे, आणि मधोमध ९६ फूट उंचीचे देऊळ, नंदिमंडप, दोन स्तंभ आणि हत्ती तसेच ठेवलेले आहेत. भोवतीच्या ओवऱ्या आणि देवळाच्या आतल्या जागा कोरताना निघालेला दगड मिळवला, तरी काढलेला कातळ या ठोकळ्याच्या निम्म्याच्या आसपास राहतो. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी खोदाईचा हिशेब मांडला आहे. एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट खडक काढतो असे धरले, तर २५० माणसे हे काम साडेपाच वर्षांत उरकतात. गुणाकार करून पाहिला, तर हा सुमारे वीस लाख घनफूट होतो.

कोणी म्हणेल, चार घनफूट फार झाले, कातळ काही भुसभुशीत नसतो. मग दोनच घनफूट धरा. काम अकरा वर्षांवर जाते आणि तरीही कृष्णाच्या कारकिर्दीत बसते. माणसे २५० ऐवजी ५०० धरली, तर पुन्हा साडेपाच वर्षे. एवढी माणसे एका वेळी मावणार नाहीत, असेही म्हणता येणार नाही, कारण २५० जणांना त्या चौकात प्रत्येकी १७० चौरस फूट जागा मिळते. याहून सोपी कसोटी म्हणजे रहस्यकथेचाच फुगवलेला आकडा जसाच्या तसा घेणे. चार लाख टन, अठरा वर्षे, रोज बारा तास, म्हणजे तासाला पाच टन. हे ऐकताना दडपून जायला होते. पण दिवसाचे ते एकसष्ट टन २५० माणसांत वाटले, की माणशी २४४ किलो येतात, म्हणजे तीन घनफूट. ढवळीकरांनी धरलेल्यापेक्षाही कमी! दगडाला तासांनी भागायचे आणि माणसांनी भागायचे नाही, एवढ्यावरच ते सगळे गूढ तगून आहे. राहिला प्रश्न दगड गेला कुठे याचा. वीस लाख घनफूट दगड दहा फूट थराने पसरला, तर पाच एकरही लागत नाहीत. फोडलेल्या दगडात पोकळी राहते म्हणून सात एकर म्हणा. वेरूळची लेणी दोन किलोमीटर लांबीच्या कड्यात कोरलेली आहेत, कैलासाचे तोंड उताराकडे आहे, आणि मध्ये बारा शतके उलटली आहेत. बांधकामाचा दगड कोणत्याही काळात वाया जाणारी वस्तू नव्हती.

आकड्यांइतकाच महत्त्वाचा मुद्दा पद्धतीचा. वरून खाली कोरणे ही माणसाला न सुचणारी युक्ती आहे, असे मानले तरच कैलास एकाकी आणि अगम्य दिसतो. प्रत्यक्षात लेणे खोदणाऱ्याला ती सोय आहे. वरून खाली येताना परांची बांधावी लागत नाही, उभे राहायला पायाखाली खडकच असतो, फोडलेला दगड तयार झालेल्या कामावर पडत नाही. आधी चर खणायचे, दोन चरांमधला खडक पाचरा ठोकून आणि घणाने फोडून काढायचा, मग छिन्नी लावायची, ही रीत महाराष्ट्रातल्या पाथरवटांना कैलासाच्या आधी आठ-नऊशे वर्षांपासून ठाऊक होती. अजिंठ्याचे चोविसावे लेणे अर्धवट राहिलेले आहे आणि छतापासून खाली येत काम कसे चालले होते हे तिथे दिसते. तमिळनाडूत मामल्लपुरमला सातव्या शतकातले एकपाषाणी रथ आहेत. त्यांतल्या काहींचे माथे पूर्ण आहेत आणि तळ अजून खडकातच अडकलेले आहेत. कळुगुमलैचे वेट्टुवन कोईल तर आठव्या शतकातले, म्हणजे कैलासाच्याच पिढीचे. त्याचे शिखर नाजूक मूर्तींनी भरलेले आहे आणि खालची बाजू तशीच राहून गेली आहे. हे देऊळ का अपुरे राहिले याचीही तिकडे दंतकथा आहे. बापाने मत्सरापोटी शिल्पकार मुलाला मारले, असे ती सांगते. तिचा विषयसुद्धा पाहा: पाथरवटांचे घर आणि त्यातली ईर्ष्या. जिथे लोक काम पाहत होते, तिथल्या कथेत कारागीर आहे.

कैलासाचा आराखडाही आकाशातून पडलेला नाही. कर्नाटकात पट्टदकलला बदामीच्या चालुक्यांची राणी लोकमहादेवी हिने इ.स. ७४० च्या सुमारास विरूपाक्षाचे देऊळ बांधवले. आधी नंदिमंडप, मग सभामंडप, मग गर्भगृह, भिंतीवर शिवकथा, वर द्राविड धाटणीचे शिखर. कैलास पाहिलेल्या माणसाला विरूपाक्ष पाहताच ओळख पटते. राष्ट्रकूट हे आधी याच चालुक्यांचे मांडलिक होते. त्यांनी धन्याचे राज्य घेतले, आणि राज्याबरोबर त्याचे कारागीर, निदान त्यांची विद्या, घेतली. विरूपाक्षाच्या देवळात तर ते बांधणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. गुंड अनिवारिताचारी हा मुख्य स्थपती होता आणि सर्वसिद्धी आचारी याला दक्षिण दिशेचा सूत्रधार म्हटले आहे. म्हणजे कैलासाच्या थेट पूर्वजाचे सूत्रधार आपल्याला नावानिशी माहीत आहेत. जोडून बांधलेल्या देवळाची प्रत डोंगरात कोरायची, हे धाडस नवे होते आणि प्रचंड होते. पण धाडस करणाऱ्यांच्या मागे विद्या होती, शिकवणारे गुरू होते, तयार हात होते.

एक जुनी शंका अशी, की कोरीव कामात चूक दुरुस्त करता येत नाही, मग एवढ्या मोठ्या कामात एकही चूक कशी नाही? याला दुजोरा म्हणून कैलास एका दमात, एका मनाने झाला असे सांगतात. अभ्यासकांचे म्हणणे इतके सरळ नाही. मुख्य देऊळ, नंदिमंडप, प्रवेशद्वार, खालचे हत्ती आणि स्तंभ कृष्णाच्या काळातले, याबद्दल ढवळीकरांनी सविस्तर लिहिले आहे. पण कैलास हलवणाऱ्या रावणाचे ते विख्यात शिल्प दक्षिणेच्या जोत्यात नंतर खोल कोरून घातलेले दिसते, आणि उत्तरेचे लंकेश्वर लेणेही नंतरचे. कडेच्या ओवऱ्या मुख्य देवळाशी दगडी पुलांनी जोडलेल्या होत्या, ते पूल कोसळले. म्हणजे काम वाढत गेले, बेत बदलत गेले, काही मोडलेही. आणि आज आपण पाहतो तो उघडा काळा कातळ त्या लोकांच्या डोळ्यांपुढे नव्हता. देवळावर पांढरा गिलावा होता, रंग होते. त्याचे अवशेष अजून दिसतात आणि गावकरी या लेण्याला रंगमहाल म्हणत आले आहेत. छिन्नीचा चुकलेला घाव गिलाव्याखाली झाकता येतो, हे प्रत्येक पाथरवटाला माहीत असते. बर्फाच्छादित कैलास दाखवायला पांढरा लेप, आणि त्याच लेपाखाली हाताच्या चुका. असे काम माझ्या लेखी निर्दोष यंत्राच्या कामाहून मोठे आहे.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यांत वजनदार आक्षेप कोकसाबद्दलचा आहे आणि तो डावलून चालणार नाही. ‘कथाकल्पतरू’ कैलासानंतर सातशे वर्षांनी लिहिला गेला. इतक्या उशिरा लिहिलेल्या कथेतले नाव खरे कसे मानायचे? ढवळीकर मानतात. मध्य भारतात अकराव्या ते तेराव्या शतकातले काही लेख आहेत, त्यांतले सूत्रधार आपण कोकसाच्या थोर कुळातले असल्याचे अभिमानाने सांगतात. तेव्हा कोकस हा खराखुरा स्थपती असावा आणि कैलासाचा मूळ माणकेश्वर त्यानेच घडवला असावा, असा त्यांचा तर्क. पण दुसरी बाजूही आहे. ‘वसुदेवहिंडी’ या प्राकृत ग्रंथात कोक्कास नावाचा कारागीर आहे, तो उडणारी यंत्रे बनवतो, आणि तो ग्रंथ कैलासाच्या पुष्कळ आधीचा. म्हणजे कोकस हे विश्वकर्म्यासारखे कुशल कारागिराचे परंपरागत नावही असू शकते, आणि कुळे ते अभिमानाने लावत असतील. मला स्वतःला हा दुसरा विचार अधिक पटतो. पण त्याने माझा मुद्दा ढळत नाही. सातशे वर्षांनंतरही मराठी माणसाने हे लेणे पाहून काय कल्पना केली, तर कोणा सुताराच्या, शिल्प्याच्या, पैठणच्या हुशार माणसाच्या डोक्यातून हे निघाले. आणि शिखर आधी, पाया मागाहून, हे कामाचे मर्म त्याने अचूक ओळखले. आख्यायिकेतल्या राणीचा उपवास काल्पनिक असेल, पण खोदाईचा क्रम खरा आहे.

याचा अर्थ प्रत्येक दंतकथा अशीच शहाणी असते, असा नव्हे. महाराष्ट्रात दिसेल ते लेणे पांडवांनी एका रात्रीत कोरलेले असते. नाशिकची लेणी तर पांडवलेणी याच नावाने ओळखली जातात. प्रत्यक्षात तिथल्या भिंती बोलक्या आहेत. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख तिथे आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने लेण्यातल्या भिक्षूंच्या चिवरांसाठी आणि इतर गरजांसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले, त्यातले दोन हजार महिना एक टक्का व्याजाने आणि एक हजार पाऊण टक्क्याने, असा हिशेबही तिथे कोरलेला आहे. अंबरनाथच्या शिवमंदिराचेही तेच. त्याचे शिखर ढासळलेले, म्हणून पहाट झाली आणि पांडव काम टाकून गेले अशी कथा जुळली. देवळात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा शिलाहारांच्या काळातला लेख आहे. या कथा ब्राह्मी आणि जुनी देवनागरी वाचता येईनाशी झाल्यावर तयार झाल्या आणि त्यांनी दाते, राजे, कारागीर सगळेच झाकून टाकले. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दार केल्याची नोंद दोन हजार वर्षे दगडात आहे. पांडवांच्या कथेने सामीला पुसले, हे मला मान्य करावेच लागेल. फरक एवढाच, की तेव्हा लिपी हरवली होती. ती १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने उलगडली आणि आज तर लेखांची भाषांतरे सहज मिळतात. वाचता येत असताना न वाचणे याला पांडवांच्या कथेइतकी माफी देता येत नाही.

शेवटचा आक्षेप श्रद्धेचा. हिशेब मांडले, छिन्नीच्या खुणा मोजल्या, की देवस्थानाचे देवपण कमी होते, असे पुष्कळ भल्या माणसांना मनापासून वाटते. त्यांना आपल्याच भाषेतल्या एका म्हणीची आठवण करून द्यावीशी वाटते: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. टाकी म्हणजे पाथरवटाची छिन्नी. या देशात दगडाचे देवपण कारागिराच्या घावातून येते, असेच आपण मानत आलो. बडोद्याच्या ताम्रपटाच्या कवीचेच पाहा. देवळाचे पावित्र्य सांगताना त्याला शिल्पकार आड आला नाही. उलट परग्रहवासीयांची कथा श्रद्धेला काय देते? तिच्यात शिवही नाही आणि त्याच्यासाठी राबलेला भक्तही नाही. ती फक्त एवढेच सांगते, की आठव्या शतकातली इथली माणसे हे करू शकली नसती. हे वाक्य श्रद्धाळू घरांत कौतुकाने पुढे पाठवले जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण त्यात आपल्याच पूर्वजांच्या कर्तृत्वावर घाला आहे. पॅरिसच्या कॅथेड्रलाबद्दल असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. दख्खनच्या पाथरवटालाच तो का विचारला जातो, याचा विचार ती कथा पुढे पाठवण्याआधी करावा.

वेरूळला जाणारे बहुतेक लोक कैलास पाहून परततात. थोडी सवड काढून उत्तरेकडच्या जैन लेण्यांपर्यंत जा आणि तिसावे लेणे बघा. त्याला छोटा कैलास म्हणतात. मोठ्याचा आदर्श समोर ठेवून नंतरच्या पिढीतल्या जैन कारागिरांनी ते त्याच पद्धतीने, वरून खाली, खडकात कोरायला घेतले होते. ते पुरे झाले नाही. जिथे हात थांबले ती जागा तिथे अजून तशीच आहे.